शिराजचे दोन टब आणि एक रात्र

मागच्या मार्चमधली ती सकाळ डोक्यातनं जातच नाही, म्हणून लिहितेय.

आमची द्राक्षाची बाग सोलापूरजवळ नान्नजकडं, मी त्यात वाइनची द्राक्षं लावून वाइन करते. सोनाका न् शरद सीडलेस या जाती द्राक्षबागायतदार नानासाहेब काळ्यांनी याच गावात काढल्या, त्यामुळं इथं सगळा जीव खायच्या द्राक्षात. घड जीएत (मणी फुगवायच्या संजीवकात) बुडवायचा, विरळणी करायची, मणी फुगवायचा. वाइनला बरोब्बर उलटं, मणी बारीकच पाहिजे, कारण रंग सगळा सालीत असतो. आप्पा पहिल्या वर्षी बागेत उभं राहून म्हणाले, "अगं, मणी फुगलेच नाहीत, ह्याला कोण घेणार?" शेजारचे तर अजून म्हणतात, बेदाणा तरी करा.

मी शिराज आणि व्हिओनिये एकत्र आंबवते. लाल शिराजमध्ये थोडी पांढरी द्राक्षं, एकाच टबात, पहिल्या दिवसापासनं. फ्रान्समधल्या कोत-रोती या वाइनच्या भागात ही जुनी पद्धत आहे, तिथं नियमानं २० टक्क्यांपर्यंत व्हिओनिये चालतं, पण ते एकत्रच आंबवलेलं पाहिजे. पांढऱ्याच्या सालीतले घटक लाल रंगाला धरून ठेवतात, रंग फिका न पडता उलट पक्का होतो. दोन वाइन वेगळ्या करून नंतर मिसळल्या की चव जुळवता येते, पण ही गोष्ट येत नाही असं माझं मत आहे. खरी अडचण म्हणजे दोन्ही जाती एकाच दिवशी पिकायला पाहिजेत. आपल्याकडं त्याला उपाय आहे, ऑक्टोबर छाटणी! दोन्ही प्लॉटची छाटणी नऊ दिवस मागंपुढं केली आणि तोडणीच्या दिवशी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २४ आणि २३ आला. हे जमलं तेव्हा मी बांधावर बसून रडले होते.

तर, दोन टब भरले. एकात नुसती शिराज ४०० किलो, दुसऱ्यात तेवढीच, पण तळाला ३० किलो व्हिओनिये. यीस्ट बाहेरचं नाही, सालीवर न् शेडमध्ये जे आहे तेच. सल्फर बाटलीत भरतानाच, तेही चिमूटभर. दिवसातनं तीनदा वर आलेली साल काठीनं आत दाबायची, बास.

चौथ्या रात्री लाईट गेली आणि एसी बंद. पहाटे सहाला थर्मामीटर घातला तर नुसत्या शिराजच्या सालीत ३७ डिग्री, मिश्र टबात ३४. पस्तिशीच्या वर यीस्ट दमायला लागतं, मरतंसुद्धा. सोलापुरातनं बर्फाच्या लाद्या आणल्या, फोडून दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरल्या आणि कॅन टबात सोडले, म्हणजे पाण्याचा थेंब वाइनमध्ये जात नाही. दुपारपर्यंत दोन्ही टब २७ वर आले. मिश्र टब मात्र तसाच उसळत होता न् दुसरा गप्प, हायड्रोमीटर १०३० वर (साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो), रात्री आठला परत १०३०.

सल्लागारांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, यीस्टचं एक पाकीट टाका, विषय संपला." हे लोक प्रत्येक गोष्टीला पाकीटच सांगतात, वास कसा येतोय हे कुणी विचारत नाही. वास चांगला होता, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा बिघडलेला नव्हता. पण साखर तशीच राहिली न् बाहेर ४० डिग्री, म्हणजे तो वास यायला वेळ लागणार नव्हता. तोडणीला आलेल्या मावशी टबाकडं बघून म्हणाल्या, "दह्याला विरजण लावतेस ना पोरी?" मग मिश्र टबातनं दोन बादल्या उसळता रस काढला आणि गप्प टबात ओतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०२४. पुढं नीट संपलं, ९९५.

दोन्ही वाइन आता बाटलीत आहेत, दोन्ही छान आहेत. पण मिश्र टब टिकला तो व्हिओनियेमुळं, का दुसरा टब पत्र्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला चिकटून होता म्हणून? तुलनेसाठी ठेवलेला माझा एकमेव शुद्ध टब मीच दोन बादल्या ओतून मिश्र केला. वाइन वाचली, उत्तर गेलं. आप्पा म्हणतात माल वाचला ना, मग झालं. मला ते पटत नाही, आणि त्या रात्री दुसरं काही केलं असतं असंही म्हणवत नाही.

यंदा चार टब भरणारेय, चारही भिंतीपासनं लांब, आणि जनरेटर भाड्यानं सांगून ठेवलाय.