आपण पाहिलेला एपिसोड

दुपारी हे सहज एक वाक्य बोलून गेले, ते अजून डोक्यातून जात नाही. मी मोबाईलवर ‘चला हवा येऊ द्या’चा जुना एपिसोड लावून बसले होते. हे पाणी प्यायला आले, मागून डोकावले आणि म्हणाले, “हा तर आपण पाहिला आहे.” बस, एवढंच. ग्लास ठेवला आणि गेले.

आपण कुठे? मी तर पहिल्यांदाच पाहून राहिले होते.

२०१४ ला तो कार्यक्रम सुरू झाला आणि २०२४ पर्यंत चालला. आमच्याकडे तो चुकला असेल असं मला आठवत नाही. पण रात्री साडेनऊ ही आमची पोळ्यांची वेळ. तव्यावरची पोळीच लागते सगळ्यांना. म्हणजे कार्यक्रमातलं ते गाव, थुकरटवाडी, मी नुसतं ऐकलं आहे. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजामुळे टीव्ही मोठा करावा लागायचा, तेव्हा स्वयंपाकघरात शब्द न् शब्द यायचा. थंडीत कूलर बंद झाला की टीव्हीही हळू व्हायचा, मग फक्त हसणं यायचं.

भारत गणेशपुरेंना मी आवाजावरून ओळखायची. अमरावतीकडची बोली, पहिल्याच वाक्यात आपला माणूस कळायचा. सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे, ते तर मला पूर्ण मिळायचं, कारण तेव्हा बाहेर सगळे चिडीचूप असायचे. अरविंद जगतापांची ती पत्रं. लाटणं हातात तसंच राहायचं. एकदा त्या पत्रापायी पोळी जळली होती, तेव्हा... जाऊ दे.

भाऊ कदमांचं मात्र मला कधी कळलंच नाही. आवाज बंद. कोणी काही बोलत नाही. आणि एकदम बाहेर हास्याचा धबधबा. मी विचारायची, “काय झालं, काय झालं?” उत्तर यायचं, “अगं, तू ये ना लवकर!” गॅस बारीक करून, हात पुसत दारापर्यंत जाईस्तोवर जाहिरात लागलेली. आज दुपारी पाहिलं. ते शांताबाई होऊन आले, काही बोलले नाहीत, समोरच्याकडे नुसतं पाहिलं, पापणी हलवली आणि परत पाहिलं. एवढंच होतं ते. इतकी वर्षं मला वाटायचं की बोललेलं काहीतरी माझ्या कानावरून गेलं. बोललेलं काही नव्हतंच. ते पाहावंच लागत होतं.

हे पाहून मला हसू यायला हवं होतं. घसा भरून आला.

लहानपणीही असंच. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या घरी टीव्ही यायला बराच काळ गेला. मावशी मे महिन्यात नागपूरला यायची आणि ‘गजरा’तलं, दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावातलं सगळं करून दाखवायची. चिमणराव ती आणि गुंड्याभाऊही तीच. आम्ही गच्चीवर गाद्या टाकून पोट दुखेपर्यंत हसायचो. तेव्हा त्यात काही कमी आहे असं वाटलं नव्हतं.

मग आज का वाटावं? दारापर्यंत जाण्याऐवजी सरळ जाऊन बसायला मला कोणी अडवलं होतं का? नव्हतं. बसायला कोणी जागा करून ठेवली होती का? तीही नव्हती.

आणि यांच्या आठवणीत मी तिथे आहे. दिवाणावर, आईंच्या शेजारी, सगळ्यांसोबत हसत. हे मुद्दाम बोलले नाहीत, त्यांना खरंच तसं आठवतं. याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी मी तोच एपिसोड परत लावला. मला एक जागा शोधायची होती. कार्यक्रम संपला की आई ओट्याजवळ येऊन मला सगळं सांगायच्या, अर्ध्यात स्वतःच हसत. त्यात शांताबाई पोहेवाल्याशी तर्रीवरून, पोह्यांवरच्या तिखट रश्श्यावरून, भांडते असं होतं. “एवढुशी तर्री? आमच्या सोयऱ्यात याच्यापेक्षा जास्त डोळ्यातून निघते,” असं काहीतरी. त्यावर मी इतकी हसले होते की कणकेचे हात डोळ्यांना लागले. पूर्ण एपिसोड पाहिला. ते भांडण त्यात नाही. पुढचामागचाही पाहिला, त्यातही नाही. थुकरटवाडीत आपल्या नागपूरकडचे तर्री-पोहे येणार कुठून? ते आईंचं होतं. मला हसवायला त्या घालत होत्या, आणि अजून कुठे कुठे काय घातलं असेल, कोण सांगणार. आता विचारायला त्याही नाहीत.

म्हणजे तो प्रसंग फक्त मी पाहिला आहे. यांनी नाही, मुलांनी नाही.

जेवताना यांना सांगितलं, “तो एपिसोड तुम्ही पाहिला होता. मी पोळ्या करत होते.” हे थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पण तू तर हसून राहिली होती. आवाज यायचा ना आतून.”

तेही खरंच आहे. तर्रीचं मी त्यांना सांगितलं, आईंसारखं करून दाखवलं. मला तेवढं जमलं नाही. तरी हे हसले, आणि म्हणाले की उद्यापासून पोळ्या आठलाच करून ठेव, गार चालतील.