बायको काय म्हणते?

घसा दुखतोय म्हणून तो सार्जंट तिसऱ्यांदा आला होता. 2014 चा मार्च. अमेरिकेतल्या एका लष्करी तळावरच्या दवाखान्यात मी सिव्हिलियन डॉक्टर. वर्दीवाले आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. बोटात अंगठी दिसली म्हणून सवयीने विचारलं, "बायको काय म्हणते? तिलाही त्रास आहे का?"

"नाही," म्हणाला आणि बुटांकडे बघत बसला.

मी गोळ्या टाइप करायला घेतल्या, तशी त्याने स्क्रीनकडे मान वळवली. "मॅडम, हे माझा कमांडर वाचतो का?"

माझी बोटं थांबली. सैन्यातली समलैंगिकांवरची बंदी 20 सप्टेंबर 2011 ला उठली होती, पण हा गडी 2003 चा भरती. समलैंगिक असाल तर लपवूनच नोकरी करा, या 'विचारू नका, सांगू नका' धोरणाच्या त्या काळात डॉक्टरजवळ बोललेलं वाक्यही सैन्यातून काढायला पुरावा ठरू शकत होतं. आठ वर्षं तो आमच्यासमोर तोंड मिटून बसला असणार.

"ड्युटीला फिट आहात की नाही, हे त्यांना कळू शकतं. बाकीचं कळवायचं मला कारण नाही. मघाशी मी चुकीचं विचारलं. घरी कोण असतं?"

"नवरा."

आधीच्या वेळी लघवी तपासली होती, स्वच्छ आली होती. पण लघवीत परमा (गनोरिया, संभोगातून होणारा संसर्ग) नाही म्हणजे घशातही नाही, असं नसतं. हे पुस्तकात वाचलेलं. हाताला सवय मात्र शून्य. ड्रॉवर उघडला तर लघवीच्या डब्या खच्चून, स्वॅब एकही नाही. मेडिक पोरगा लॅबमधून दोन घेऊन आला आणि त्याच्यासमोरच म्हणाला, "दोन कशाला?"

"एक घशाला, एक मागे," सार्जंटनेच सांगितलं. पोरगा कानापर्यंत लाल.

घशातला पॉझिटिव्ह आला. सेफ्ट्रायॅक्सोन 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सोबत अॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम. हे सोपं होतं. नवऱ्यालाही उपचार हवेत, तिथे घोडं अडलं. 2013 च्या सप्टेंबरपासून अशा जोडीदाराला लष्करी ओळखपत्र आणि उपचार दोन्ही मिळत होते, पण याने त्याचं नाव नोंदवलंच नव्हतं. नोंदवायचं तर युनिटच्या ऑफिसात कागद द्यायचा, आणि तिथल्या कारकुनाच्या पोटात काही राहत नाही, म्हणे. शेवटी मी काउंटीच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहिली.

कमरेत सुई टोचताना तो पहिल्यांदा हसला. "बायकोला सांगू नका हं, मॅडम."