ठासणीच्या रायफलचं किट : दस्ता, पितळ, टचहोल आणि रंगकाम (लांबलचक अपडेट)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नव्हतं कारण टाकण्यासारखं काही घडतच नव्हतं, किट गॅरेजमध्ये टेबलावर पडून होतं. पण या उन्हाळ्यात दोन माणसांची मदत मिळाली आणि काम एकदम सुसाट सुटलं, म्हणून आता सविस्तर लिहितो. नवीन असाल तर थोडक्यात: पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल, अर्ध्या इंचाचं बोअर म्हणजे पॉइंट फिफ्टी, फ्लिंटलॉक म्हणजे चकमकीच्या ठिणगीने दारू पेटवणारी, ४२ इंची स्वँप्ड बॅरल (ब्रीचकडे म्हणजे मागच्या बंद टोकाकडे जाड, मधे बारीक, तोंडाशी परत किंचित फुगलेली), दस्ता करली म्हणजे लहरी पट्ट्यांच्या मेपलचा आणि बाकी सगळा साज पितळेचा.

कायद्याचं एकदाच सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये तोंडाकडून भरायच्या काळ्या दारूच्या अशा प्रतिकृती 'अँटिक'मध्ये मोडतात, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत ते आपापले बघावेत. भारतात मात्र ठासणीच्या बंदुकीलाही लायसन्स लागतं आणि विनापरवाना घरी बनवणं हा सरळ गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे फक्त वाचायचं. आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीच्या बंदुका घराघरात होत्या, आता डुक्कर-माकडांचा त्रास वाढला आणि बंदुका मात्र कमी झाल्या, तो विषय वेगळाच आहे.

तर काम. किट म्हटलं की लोकांना वाटतं स्क्रू पिळले की झालं. ह्या प्रकारच्या किटमध्ये दस्ता ढोबळ कोरलेला येतो, नळीची खाच मशीनने पाडलेली असते, दारू ठासायच्या गजाचं भोक पाडलेलं असतं, लॉकची म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची जागा बरीचशी कोरलेली असते, आणि मग पितळेच्या कास्टिंगची एक पिशवी येते ज्यात बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावर बसते ती), ट्रिगरगार्ड, नोजकॅप, गजाच्या नळ्या वगैरे वाळूच्या साच्यातून जशा निघाल्या तशाच असतात. खरी मेख अशी की दस्त्यावर सगळीकडे जास्तीचं लाकूड ठेवलेलं असतं आणि ते किती काढायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपण घाबरून थोडं काढतो, पॉलिश करतो, आणि शेवटी हातात जे येतं ते लाँगरायफल नसून क्रिकेटच्या बॅटला जोडलेला पाइप असतो. मी थांबलो होतो ते इथेच.

पहिली मदत आमच्या इथल्या क्लबमधल्या एका आजोबांची. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ह्याच बंदुका केल्या, ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक सीझनला अजून हरणामागे जातात. (पेनसिल्व्हेनियात हा खास सीझन १९७४पासून आहे आणि त्यात चकमकीचीच बंदूक लागते, स्फोटक टोपीवर उडणारी चालत नाही. त्यामुळे ह्या राज्यात फ्लिंटलॉक जाणणारे लोक अजून गल्लोगल्ली सापडतात, आपल्यासारख्यांचं नशीब.) मला वाटलं होतं ते दस्ता घरी नेतील आणि करून देतील. त्यांनी दस्ता गुडघ्यावर आडवा घेतला, खिशातून सुताराची पेन्सिल काढली आणि लॉकच्या भोवतीच्या सपाट भागावर, दस्त्याच्या मनगटावर म्हणजे पकडीच्या बारीक भागावर, नळीच्या दोन्ही कडांना रेघा मारत गेले, बोलले काहीच नाहीत, आणि मग म्हणाले, "रेघ जाईपर्यंत काढ, मग मला बोलव." रास्पला म्हणजे लाकडाच्या खरबरीत कानशीला त्यांनी हात लावला नाही.

रेघा बघून माझ्या पोटात गोळा आला. लॉकपॅनलभोवतीची पट्टी त्यांनी जवळजवळ निम्मी केली होती. नळीच्या बाजूचं लाकूड तोंडाकडे एक सूतही ठेवलं नव्हतं. पण मग त्यांच्याच सांगण्यावरून नाझरेथजवळ जेकब्सबर्गला लाँगरायफलचं म्युझियम आहे तिथे गेलो, आणि जुन्या अस्सल रायफली काचेआडून वरून आणि समोरून नीट न्याहाळल्या तेव्हा पटलं. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि आसपासच्या भागात जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्या आखूड, जाडजूड येगर रायफलीपासून ही लांब शिडशिडीत चीज घडवली, आणि त्या लोकांनी लाकूड अक्षरशः कंजुषीने ठेवलंय. समोरून नळीच नळी दिसते, लाकूड म्हणजे नुसती किनार. नेटवरच्या फोटोंत हे कधीच कळत नाही कारण सगळे फोटो बाजूने सपाट काढलेले, जाडी कळणार कुठून. ज्यांना शक्य आहे त्यांनी रास्प हातात घ्यायच्या आधी एक तरी जुनी रायफल वरून आणि समोरून बघावी असं माझं ठाम मत आहे, दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा ते बरं.

रेघांपर्यंत लाकूड काढलं, आजोबांना बोलावलं, त्यांनी डोळे मिटून मनगटावरून अंगठा फिरवला आणि परत दोन रेघा मारल्या. असं चालू राहिलं. शेवटी शेवटी मी रेघ मारायच्या आधीच काढायला लागलो होतो आणि ते नुसते कॉफी पीत बसायचे.

दुसरी मदत अगदी अनपेक्षित. सासरे, नाना, उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. पिंपरीला आख्खी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस. बंदूक बघून आधी जरा नाराजच होते, "जावईबापू, ही असली नसती उठाठेव कशाला" वगैरे झालं. मग एका दुपारी कंटाळून गॅरेजमध्ये आले, मी बटप्लेट बसवत होतो. बटप्लेट हा ह्या किटमधला सगळ्यात तापदायक भाग, कारण ती दोन बाजूंनी वाकलेली असते आणि लाकूड तिला सगळीकडून टेकायला हवं, फट दिसता कामा नये. त्यासाठी पितळेला आतून इनलेटिंग ब्लॅक म्हणजे एक काळा तेलकट रंग लावायचा, लाकडावर दाबायची, उचलायची, जिथे काळं लागलं तो उंचवटा पटाशीने खरवडायचा, परत लावायची. नानांनी डबी उचलून वास घेतला आणि चेहराच बदलला. "अहो, हे तर आमचं ब्लू लावून बघणं! सरफेस प्लेटवर आयुष्यभर हेच केलंय. सरका." झालं, सरकलो.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. मी रंग भरपूर लावत होतो, त्यांनी बोटाने पुसून पुसून इतका पातळ केला की पितळ खालून दिसत होतं. म्हणे रंग जाड असला की तो खोटं बोलतो, सगळीकडेच लागतो. मग दाबताना प्लेट हलवायची नाही, सरळ खाली आणि सरळ वर, रबरी हातोडीने एक हलका ठोका. सुरुवातीला दोनच ठिपके उमटले, टाचेला एक आणि मधे एक. ते खरवडले, मग चार, मग कडेने तुटक रेघ, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या लाकडावर मिरी भुरभुरल्यासारखे बारीक काळे कण एकसारखे पसरलेले दिसायला लागले. सांध्यात सिगरेटचा कागदसुद्धा जात नव्हता. लाकूड आणि धातू ह्यात नाना एकच फरक मानतात, लाकूड उलट्या रेषेने खरवडलं तर उपटतं, तेवढं त्यांनी अर्ध्या तासात पकडलं.

त्यानंतर नळीचं ड्रॉ फाइलिंग त्यांनी मला शिकवलं. नळी आठकोनी, आणि आठही अंगांवर मशीनच्या आडव्या खुणा असतात, त्या तशाच ठेवून ब्राउनिंग केलं (मुद्दाम गंज चढवून नळी तपकिरी केली) तर गंजाचा रंग चढल्यावर जास्तच उठून दिसतात. कानस आडवी धरायची, दोन्ही हात नळीच्या जवळ, आणि सगळ्या लांबीवर एका दाबाने ओढायची. कानशीला आधी खडू चोळायचा म्हणजे कण दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. स्वँप्ड नळीला सरळ अंग नसतं, बारीक पोट असतं, त्यामुळे कानस मधे तरंगते आणि टोकाला कोन गोल व्हायला बघतो. नाना हाताला धरून सांगत होते, "कोपर हलवू नका, कमरेतून या." नाना आणि आजोबांची एकदा गाठ पडली तेव्हा दोघांची भाषा जेमतेम जुळत होती, पण नळीची कड नखाने तपासून दोघांनी एकाच जागी मान हलवली.

टचहोलचं म्हणजे नळीच्या बाजूला आग आत जायला असतं त्या भोकाचं काम मात्र मी आजोबांच्या देखरेखीशिवाय केलंच नसतं, आणि तुम्हीही पहिल्यांदा एकट्याने करू नये. ब्रीचप्लगच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या) आतल्या तोंडाच्या पुढे भोक यायला हवं, आणि लॉकच्या पॅनच्या (रंजक म्हणजे पेटवायची दारू ठेवायच्या वाटीच्या) वरच्या कडेशी ते समतल असावं, क्षितिजावर अर्धा बुडालेला सूर्य असं ते सांगतात. जरा मागे गेलं तर प्लगमध्येच घुसतं, खाली गेलं तर रंजक भोकावर साचते आणि ती आधी वातीसारखी जळत आत जाते मग बार उडतो. मापं आम्ही नळीच्या बाहेरून आणि आतून गज घालून अशी दोनदा घेतली, मग ड्रिलप्रेसवर नळी पातळी लावून पकडली. स्टीलचा लायनर बसवलाय, भोक १/१६ इंचाच्या आसपास.

नळी दस्त्याला पिनांनी धरलेली असते हे तुम्हाला माहीत असेल, पण नळीखालच्या लगमधलं (पिन जाते त्या कानातलं) भोक गोल न ठेवता लांबीच्या दिशेने थोडं लांबट करायचं असतं. इकडे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडीठाक, आणि जुलैत मुंबईसारखी दमट, मेपल त्याप्रमाणे हलतं आणि लोखंड हलत नाही. गोल भोक असेल तर दस्ता फाटतो नाहीतर नळी वाकडी ताणली जाते.

आता रंग. मेपलला साधा डबाबंद स्टेन लावू नका एवढंच कळकळीचं सांगणं. जुने लोक अ‍ॅक्वा फोर्टिस वापरत, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेलं लोखंड, आता फेरिक नायट्रेटचे खडे मिळतात ते पाण्यात विरघळवून तेच काम होतं. आधी दस्ता ओला करून, वाळवून, उठलेले तंतू सँडपेपरने घासायचे. मग द्रावण लावलं की लाकूड पिवळट-हिरवट आणि इतकं मळकट दिसतं की नानांनी "वाट लागली" असं जाहीर केलं. मग हीट गन फिरवली. जिथून गरम हवा जाते तिथे हिरवट रंग डोळ्यादेखत तांबूस तपकिरी होत जातो आणि करलचे पट्टे वाघासारखे वर येतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन अ‍ॅसिड मारायचं, नाहीतर पुढे रंग सरकतो. हे सगळं बाहेर अंगणात, ग्लोव्हज आणि गॉगल घालून, वाफ नाकात घेऊ नका. वरून जवसाचं तेल अगदी पातळ हाताने, पुसून पुसून. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

ब्राउनिंग बाथरूममध्ये केलं, कारण ह्या प्रकारात गंज मुद्दाम चढवायचा असतो आणि त्याला दमटपणा लागतो. नळीची दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद, नळी धुऊन तेलाचा अंशही न ठेवता, बोट न लावता सोल्युशनचा एक पातळ हात, गरम शॉवर सोडून दार बंद, काही तासांनी परत. सुरुवातीला ठिपके ठिपके येतात, धीर धरायचा, मग ओल्या जाड्याभरड्या कापडाने घासून परत लावायचं. हवा तो रंग आला की सोड्याच्या गरम पाण्याने गंज थांबवायचा आणि तेल. आंघोळीच्या वेळांवरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

सध्या परिस्थिती अशी की लॉकला ठिणगी छान पडते, गारगोटी चामड्यात नीट पकडलीय, फ्रिझनच्या (ती घासते त्या पोलादी पात्याच्या) वरच्या भागावर घासत खाली येते आणि ठिणग्या पॅनमध्येच पडतात. नेम धरायची पुढची माशी मुद्दाम उंच ठेवलीय, म्हणजे सुरुवातीला गोळी खाली लागेल आणि मग रेंजवर माशी कानशीने थोडी थोडी घासत गोळी वर आणायची. घासलेली माशी परत वाढवता येत नाही म्हणून हे उलटं करू नका. पहिले बार आजोबा म्हणतात तसे रायफल बाकावर बांधून, दोरी लावून लांबून. पॉइंट ४९०ची गोळी, पॉइंट शून्य पंधराची पॅच (गोळीभोवतीचं कापड), आणि दारू कमीपासून सुरू.

राहता राहिला पॅचबॉक्स, म्हणजे दस्त्यातली झाकणाची छोटी पेटी. किटमध्ये नव्हता, नानांनी जायच्या आधी पितळेच्या पत्र्यातून झाकण कापून ठेवलंय, बिजागरी मात्र अर्धवट आहे आणि आता ती व्हिडिओ कॉलवर पूर्ण करायची आहे. तीन घरांची ठेवावी की पाच, आणि आतली स्प्रिंग कशाची करावी, जुन्या घड्याळाची चालेल का, ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, फोटो असेल तर बिजागरीचा आतून काढलेला हवा.