दुसरा दुभाषी कशाला लागतो?

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. सप्टेंबर जवळ आला की माझा फोन सतत वाजायला लागतो. 23 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. त्याच्या आगेमागे कॉलेजं, बँका, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था सगळीकडे कार्यक्रम असतात, आणि ते व्हायलाच हवेत. फोनवरचं बोलणं मात्र बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडतं. "मॅडम, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तुमचा एवढा अनुभव आहे, तुम्ही एकट्या सांभाळाल ना?" मी म्हणते, दोघं लागतील. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "दुसऱ्याचं बजेट नाहीये हो."

फोनवर पाच मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते आहे.

माझे आईबाबा दोघंही डेफ, म्हणजे कर्णबधिर. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, आई शिवणकाम करायची. घरात हातांनी बोलणं मी तोंडाने बोलण्याच्या आधी शिकले. पुढे वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेतलं. तेव्हाचे अभ्यासक्रम काही महिन्यांचे असत. आता बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला. त्यातून बाहेर पडणारी मुलंमुली माझ्यापेक्षा कितीतरी तयारीची असतात. ती चाळिशीपर्यंत या कामात टिकावीत, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप.

आधी शरीराचं बोलू. वक्ता बोलताना थांबतो, पाणी पितो, कागद उलटतो, दुसऱ्याला बोलू देतो. आम्ही एकामागून एक येणाऱ्या सगळ्यांचंच बोलणं साइन करत, म्हणजे सांकेतिक भाषेत हातांनी दाखवत असतो. हात छातीच्या उंचीवर, कोपरांना कसलाही आधार नाही. मानेपासून खांद्याकडे उतरणारा स्नायू सगळा वेळ ताणलेला. मनगट दर सेकंदाला वळतंय, बोटं उघडमीट करतायत. त्यात आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात. अमेरिकेत ती एका हाताने दाखवतात, त्यामुळे तिथे निदान दुसऱ्या हाताला तेवढी उसंत मिळते. इथे औषधाचं नाव आलं, योजनेचं नाव आलं, पाहुण्यांचं आडनाव आलं, की दोन्ही हात कामाला.

मला हे आधी रात्री जाणवायला लागलं. झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर व्हायचं, हात झटकत उठावं लागायचं. मग कुकरचं झाकण लावताना मनगटात कळ यायला लागली. डॉक्टरांनी कार्पल टनेल, म्हणजे मनगटातली नस दाबली जाण्याचं दुखणं सांगितलं, रात्री बांधायला स्प्लिंट दिलं. फिजिओथेरपिस्ट बाई फार हुशार होत्या. त्यांनी फोनवर एक भाषण लावलं आणि म्हणाल्या, आता काम करून दाखवा. दहा मिनिटं नुसतं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बोलणारा घाई करायला लागला की तुमचे खांदे कानाकडे जातात. दुखणं मनगटात आहे, पण सुरुवात वरून होतेय."

त्यांना तेव्हा माहीत नसेल, पण याच दिशेने संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत रॉचेस्टरला कर्णबधिरांची राष्ट्रीय तांत्रिक संस्था आहे. तिथल्या वर्गांमध्ये दुभाषी दिवसभर काम करतात. 1980च्या दशकाच्या शेवटी त्यांच्यात हात आणि मनगटांची दुखणी इतकी वाढली की संस्थेला त्याचा अभ्यास करावा लागला. 1992 मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. पुढे 2008 मध्ये तिथल्याच संशोधकांनी दुभाष्यांच्या मनगटांना मोजणारी उपकरणं लावून पाहिलं. वक्त्याचा वेग वाढला की मनगटाची गती वाढते, हे अपेक्षितच होतं. पण मानसिक ताणाचाही मनगटाच्या हालचालींवर परिणाम होतो, हेही त्यात दिसलं. म्हणजे "आज मंत्री येणार आहेत, चुकू नका हं" असं जाता जाता सांगितलेलं वाक्यसुद्धा आमच्या सांध्यांपर्यंत पोचतं.

2023च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकिलांना दुभाष्यामार्फत कामकाजात भाग घेता आला. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी परवानगी दिली, आणि सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी दुभाष्याच्या वेगाचं कौतुक केलं. बातमी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा असते तर त्यांना तीनदा साइन करून सांगितली असती. तरीही मनात आलं, या वेगाने हे किती वेळ चाललं असेल आणि बाजूला बदली माणूस होता का?

आता मेंदूचं. जिनिव्हा विद्यापीठात 1998 मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, तोंडी भाषांतर करणाऱ्या दुभाष्यांवर. त्यांना सांगितलं, तुम्हाला थांबावंसं वाटेपर्यंत काम करत राहा. अर्धा तास उलटल्यावर अर्थाच्या चुका वाढत गेल्या. मला धक्का बसला तो पुढच्या निष्कर्षाने: आपलं काम खालावलंय हे त्या दुभाष्यांच्या स्वतःच्या लक्षातच येत नव्हतं. म्हणून "दमलात की सांगा, आपण ब्रेक घेऊ" ही सोय आमच्या उपयोगाची नाही. दमलेल्या दुभाष्याला वाटत असतं, सगळं छान चाललंय.

ते कळतं समोर बसलेल्या डेफ माणसाला. माझी एक डेफ मैत्रीण कर्णबधिर मुलांना शिकवते. ती म्हणते, "हातांच्या आधी तुझा चेहरा थकतो." आमच्या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया, डोळे, मान, गालांची हालचाल यांच्यामुळे तेच हात कधी विधान होतात, कधी प्रश्न. "तुम्ही अर्ज भरला" आणि "तुम्ही अर्ज भरला का" यांतला फरक पुष्कळदा भुवयांवर असतो. दुपारी तीन वाजता, पाचव्या वक्त्याच्या वेळी, त्या भुवया उचलायची ताकद उरत नाही. मग साइन लहान होत जातात, पोटाजवळ उतरतात, नावं गळतात, विनोद सपाट होतात. सभागृहातल्या ऐकणाऱ्यांना काही कळत नाही, कारण हात तर हलत असतात. नुकसान सगळं डेफ प्रेक्षकांचं होतं, आणि तक्रार केली तर "निदान दुभाषी तरी दिलाय ना" हे उत्तर त्यांच्या वाट्याला येतं.

म्हणून दोघं. साधारण वीस मिनिटांनी आम्ही जागा बदलतो. बसलेला माणूस मोबाइल बघायला मोकळा असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो समोर, पहिल्या रांगेत, कामाच्याच जागी असतो. आकडे त्याने कागदावर टिपलेले असतात. माझं एखादं नाव ऐकायचं राहिलं तर तो हळूच साइन करून पुरवतो. मागच्या रांगेतल्या आजोबांना दिसत नाहीये, हे त्याच्या लक्षात येतं. डेफ वक्ता साइन करत असेल आणि मी माइकवर बोलत असेन, तर माझी सुटलेली साइन तो कानात सांगतो. त्याच्यामुळे माझ्या हातांना विश्रांती मिळते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक जागच्या जागी दुरुस्त होते.

आयोजकांना आणखी एक विनंती असते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. भाषणं, स्लाइड, पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी पाठवा. लोकांना वाटतं हा शिस्तीचा आग्रह आहे. हा माझ्या मनगटाचा प्रश्न आहे. विषय आधी कळला तर कोणत्या शब्दाला कोणती साइन वापरायची हे आम्ही दोघं ठरवून येतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आता दहा हजारांहून जास्त शब्दांचा आहे, त्यात शोधतो, डेफ सहकाऱ्यांना विचारतो. आधी काहीच कळलं नाही तर प्रत्येक नवा शब्द अक्षर अक्षर जोडत दाखवावा लागतो. "फोटोसिंथेसिस" तासाभरात तीस वेळा असं दाखवून बघा.

आणि जेवणाची सुट्टी. ती सगळ्यांना मिळते, आम्हाला सोडून. अध्यक्षांना डेफ पाहुण्यांशी बोलायचं असतं, पाहुण्यांनाही चार लोकांशी ओळख करून घ्यायची असते. इच्छा अगदी रास्त आहे. पण माझ्या ताटात पुरी-भाजी असते आणि बोटं तेलकट. अर्धा तास आम्हाला कोणी हाक मारणार नाही अशी एक खोली द्या, किंवा जेवणाच्या गप्पांसाठी पाळी लावून द्या, म्हणजे दोघांतला एक आधी जेवून घेईल. हात नसलेली खुर्ची, तोंडावर येणार नाही असा उजेड, जवळ पाण्याची बाटली. मागणं एवढंच असतं.

आता जे सांगायचंय ते मला जड जातं.

आम्ही नेहमी प्रथमपुरुषात बोलतो. डेफ माणूस "मी" म्हणतो तेव्हा आम्हीही "मी" म्हणतो, "ती म्हणते आहे की" असं नाही. नियम योग्य आहे, त्याने बोलणारा माणूस केंद्रस्थानी राहतो. पण पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात अत्याचाराचा जबाब चालू असतो तेव्हा तो सगळा प्रसंग माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, "माझ्यावर" म्हणून बाहेर पडतो. आणि समोरून येणारे प्रश्न, कधी कधी फार निर्दय असलेले, मला माझ्याच हातांनी त्या मुलीला विचारावे लागतात. ती माझ्याकडे बघत असते. वकिलाचा चेहरा तिला दिसतही नाही.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्यात मुलाची साक्ष घेताना दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद आहे. 2020च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते, मानधनाचीही सोय आहे. हे मिळायला फार वर्षं गेली, त्याचं मोल मला कळतं. पण जबाब संपल्यावर मुलीसोबत आधार देणारी व्यक्ती जाते, पोलीस आपल्या गाडीने जातात, आणि दुभाषी रिक्षा शोधत रस्त्यावर उभा राहतो. घरी जाऊन सांगायचं कोणाला? गोपनीयता पाळायचीच असते. नवरा विचारतो, "कसं झालं?" मी म्हणते, "झालं." त्याला आता सवय झाली आहे, तो चहा टाकतो आणि टीव्ही लावत नाही. शिवाय डेफ समाज लहान. पुढच्या महिन्यात त्याच मुलीची मावशी एखाद्या लग्नात भेटते आणि मला काहीच माहीत नसल्यासारखं हसावं लागतं.

अशा कामासाठीही दोघं हवेत, आणि मुलीला रीतसर सांकेतिक भाषा येत नसेल, फक्त घरच्या खुणा येत असतील, तर सोबत एक डेफ दुभाषीसुद्धा. ते तिच्या खुणा आमच्यापेक्षा कितीतरी अचूक ओळखतात. बाहेर पडल्यावर त्याच दोघातिघांत बोलता येतं, कोणाचा विश्वास न मोडता.

रॉबिन डीन नावाच्या अमेरिकन दुभाषी आणि रॉबर्ट पोलार्ड हे मानसशास्त्रज्ञ यांनी 2001 मध्ये एक मांडणी केली. काम तुमच्याकडून काय काय मागतं आणि तुमच्या हातात काय काय असतं, या दोन्ही बाजू मांडून बघायच्या. जागा कशी होती, माणसांचे आपसातले संबंध कसे होते, समोरच्याची भाषा कशी होती, आणि आपल्या आत काय चाललं होतं. शेवटचा प्रश्न आम्हाला प्रशिक्षणात कोणी विचारलाच नव्हता. डॉक्टर, समुपदेशक आपल्या केसेसवर एकत्र बसून चर्चा करतात, तशी दुभाष्यांनी करावी, असा त्यांचा आग्रह आहे.

आमच्यासारख्या डेफ आईबाबांच्या मुलांसाठी हे आणखी आधी सुरू होतं. मी पाचवीत असताना डॉक्टरांनी आईची गर्भपिशवी काढावी लागेल हे माझ्याकरवी तिला सांगितलं. मला तो शब्दच माहीत नव्हता. पोटाकडे बोट दाखवून "काढणार" एवढंच मी केलं, आणि आईचा चेहरा बदलताना पाहिला. अजूनही दवाखान्यांत, बँकांत हे रोज चालतं. मुलांना दुभाषी करू नका. तातडीचं असेल तर व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षित माणूस मिळू शकतो.

पैशांचं थोडक्यात सांगते. 2011च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांवर आहे आणि प्रशिक्षित दुभाषी देशभरात फार थोडे. त्यातले बरेच रोजंदारीवर असल्यासारखे काम करतात. मनगट दुखलं तर महिन्याची कमाई गेली. म्हणून नवी मुलं नाही म्हणायला घाबरतात, दिवसभराचं काम एकट्याने घेतात. त्यांना दोष देऊ नका. दोघांचं मानधन परवडत नसेल तर कार्यक्रम दीड तासाचा करा, मध्ये खरीखुरी विश्रांती ठेवा, आणि तसं आधी सांगा.

पुण्यात आम्ही काही जण दर महिन्याच्या एका रविवारी भेटतो. नाव, गाव, तारीख काहीही सांगायचं नाही, फक्त आपल्यावर काय गुजरलं ते. सुरुवातीला खांदे, मनगटं आणि बोटांचे व्यायाम, ते आमच्यातल्याच एकीने फिजिओकडून शिकून घेतले आहेत. पुढच्या वेळी ती शिक्षिका मैत्रीणही येणार आहे, दुभाषी दमलाय हे डेफ माणसाला कुठे कुठे दिसतं ते दाखवायला. बोलणं सगळं सांकेतिक भाषेत होईल, आणि तिच्या आग्रहावरून दर वीस मिनिटांनी थांबू. नवीन काम सुरू केलेल्यांनी जरूर यावं. सोबत कोणी डेफ मित्र असेल तर त्यालाही आणा.