सिटी व्हीटेकला हलकं फ्लायव्हील

शेवटी बसवलं एकदाचं! माझी २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, क्लच प्लेट गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवायचाच होता, मग म्हटलं त्याच मजुरीत क्रोमोली स्टीलचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद) हलकं फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधे इंजिनासोबत फिरणारं जड चाक, पण टाकून घेऊ. दोन्ही हातात धरली तेव्हाच कळलं, नवं जवळजवळ निम्म्या वजनाचं. एक जण म्हणत होता जुनंच लेथवर कापून हलकं करून देतो, पण कास्ट आयर्न पातळ केलं आणि ७००० आरपीएमला फुटलं तर तुकडे थेट पायाशी येतात, तो विचारसुद्धा करू नका. बोल्ट नवे घेतले, समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळले आणि क्लच कव्हरसकट बॅलन्सिंग करून घेतलं.

आता पहिल्या-दुसऱ्या गिअरला आरपीएम असा सटकन चढतो की काय सांगू! ताकद वाढलेली नाही हां, फक्त ते जड चाक फिरवण्यात जी वाया जायची ती वाचते, आणि खालच्या गिअरला इंजिन झपाट्याने चढतं म्हणून तिथेच जास्त जाणवतं, पाचव्यात जवळपास काहीच नाही. गिअर उतरवताना नुसता ॲक्सिलरेटरला पाय लावला की इंजिनाचा आरपीएम खालच्या गिअरशी जुळतो, यासाठीच तर केलं सगळं. आयडलला (ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना) थोडी थरथर आलीय, चढावर दोनदा बंद पण पडली, क्लच जरा सावकाश सोडायला लागतो.