साडेसहा मिनिटांचा मंत्री: डब्लिनच्या डॉइलमधला प्रश्नोत्तराचा तास

मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे किल्डेअर स्ट्रीटला मिळतो, तिथे समोरच लोखंडी फाटक आहे. फाटकाबाहेर फलक घेऊन उभी असलेली माणसं बऱ्याचदा दिसतात. आत दिसणारी करड्या दगडाची हवेली म्हणजे लेन्स्टर हाऊस, आयर्लंडची संसद. डाव्या-उजव्या हाताला राष्ट्रीय ग्रंथालय आणि पुरातत्त्व संग्रहालय. पर्यटक या दोन्ही ठिकाणी जातात आणि मधल्या इमारतीचा फाटकातून फोटो काढून निघून जातात. मी मुद्दाम मधल्या इमारतीसाठी आलो होतो. मंत्री विरोधकांना उत्तरं कशी देतात, हे बघायचं होतं.

आधी प्रवासाचं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीत 'डब्लिनही करून टाकू' हा बेत शेंगेन व्हिसावर जमत नाही. भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा असेल आणि त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) असा शेरा असेल, तर त्यावर चालतं. मात्र आधी ब्रिटनमध्ये उतरावं लागतं, थेट डब्लिनला नाही. शहरात आल्यावर लुआस ट्रामच्या हिरव्या मार्गावर डॉसन थांब्याला उतरा, तिथून पायी पाच-सात मिनिटं.

तारीख ठरवताना जास्त जपा. डॉइल म्हणजे कनिष्ठ सभागृह. ते साधारणपणे मंगळवार ते गुरुवार बसतं, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टीवर असतं आणि सेंट पॅट्रिकच्या आठवड्यातही बंद असतं. अधिवेशन नसलेल्या दिवशी मोफत मार्गदर्शित फेरी मिळते, पण तेव्हा रिकाम्या खुर्च्याच दिसतात. कामकाज चालू असताना गॅलरीत बसायचं तर एखाद्या टीडीकडून किंवा सेनेटरकडून आधी व्यवस्था करून घ्यावी. टीडी म्हणजे डॉइलचा सदस्य, सेनेटर म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या मतदारसंघातल्या टीडीला सरळ ईमेल करावी. नागरिकत्व नसलं तरी तिथला रहिवासी म्हणून तुम्हाला स्थानिक निवडणुकीत मत आहे, त्यामुळे ईमेलकडे काणाडोळा होत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र हवंच. आत विमानतळासारखी तपासणी. गॅलरीत फोटो नाही, टाळ्या नाहीत, मोबाइल बंद.

सभागृह पाहून पहिला विचार येतो तो, 'इतकं लहान?' त्याला कारण आहे. रिचर्ड कॅसल्सने १७४५ पासून ही हवेली किल्डेअरच्या अर्लसाठी बांधली. १८१५ मध्ये ती रॉयल डब्लिन सोसायटीकडे गेली आणि पुढे सोसायटीने तिथे व्याख्यानांसाठी नाट्यगृहासारखं दालन बांधलं. १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या नव्या आयरिश राज्याला संसदेसाठी जागा हवी होती, तेव्हा तेच दालन घेतलं गेलं. आज त्या व्याख्यानगृहात १७४ टीडी बसतात. बाकं चढत गेलेली, घोड्याच्या नालेच्या आकारात. त्यामुळे मागच्या बाकावरचा टोमणाही मंत्र्याच्या कानापर्यंत पोचतो. आपल्याकडे सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, इथे डाव्या हाताला. पहिली दोन मिनिटं मी उलट्याच बाजूकडे बघत होतो.

अध्यक्षाला क्याउन कोर्ला म्हणतात. डिसेंबर २०२४ पासून त्या खुर्चीत व्हेरोना मर्फी आहेत, या पदावरच्या पहिल्या महिला. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि ३० सेकंदांच्या मौनाने होते.

विरोधकांचे प्रश्न एकाच प्रकारचे नसतात, हे माहीत नसेल तर गॅलरीत बसून डोक्यात गोंधळ होतो. टीव्हीवर दिसते ती खडाजंगी 'लीडर्स क्वेश्चन्स'ची. ती मंगळवारी आणि बुधवारी पंतप्रधानांशी, म्हणजे टीशाखशी होते. गुरुवारी बहुतेक वेळा उपपंतप्रधान, म्हणजे टॉनिश्ता उत्तर देतात. यात प्रश्नाची पूर्वसूचना नसते. विरोधी नेत्याला तीन मिनिटं, उत्तराला तीन, मग दोघांना एकेक मिनिट. पूर्वसूचना नसली तरी त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचलेल्याला विषय ओळखता येतो, आणि टीशाखच्या कार्यालयालाही येतो.

मला रस होता तो दुसऱ्या प्रकारात. ठरलेल्या पाळीने एकेका खात्याचा मंत्री येतो आणि साधारण दीड तास तोंडी प्रश्नांना उत्तरं देतो. आपल्या तारांकित प्रश्नांच्या जवळचा प्रकार. त्यातले पहिले पाच 'प्रायॉरिटी' प्रश्न विरोधी गटांचे असतात. त्यांवर पुरवणी प्रश्न फक्त मूळ प्रश्नकर्त्यालाच विचारता येतो, तिसरं कुणी मध्ये येत नाही. मग सर्वसाधारण प्रश्न, त्यांचा क्रम सोडतीने ठरतो. तिथे इतर टीडीही पुरवणी प्रश्न घेऊन उठतात.

प्रत्येक प्रश्नाला साडेसहा मिनिटं. प्रश्नकर्त्याला मांडणीसाठी ३० सेकंद, मंत्र्याला दोन मिनिटं, मग पुरवणी एक, उत्तर एक, पुन्हा पुरवणी एक, उत्तर एक. हिशेब घाला: पाच प्रायॉरिटी प्रश्नांत साडेबत्तीस मिनिटं गेली, उरलेल्या वेळेत सर्वसाधारण प्रश्न आठ-नऊच बसतात. सोडतीत खाली गेलेल्यांना लेखी उत्तर मिळतं. मंत्री एकाच विषयाचे प्रश्न एकत्र घेऊ शकतो, तेव्हा खालचा प्रश्नही एकदम वर येतो. प्रश्नकर्ता वेळेवर जागेवर नसेल आणि त्याच्या वतीनेही कुणी नसेल, तर तोंडी उत्तराची संधी गेली.

मंत्र्यापुढे जाडजूड फाइल असते. पहिली दोन मिनिटं तो वाचत असतो, आणि वाचतो ते खात्यातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. ते ऐकून कंटाळा येतो; येऊ द्या. तोवर छापील प्रश्न नीट वाचा. बहुतेक प्रश्नांच्या शेवटी एक ठराविक शेपूट असतं: मंत्री या विषयावर निवेदन करतील काय? हे शेपूट दुधारी आहे. त्यामुळे विषय मोकळा होतो आणि पुरवणी प्रश्नाला वाव मिळतो, पण मंत्र्यालाही खात्याच्या योजनांची जंत्री वाचायला रान मोकळं मिळतं.

खरी गंमत मंत्र्याने फाइलवरून नजर उचलली की सुरू होते. पुरवणीच्या एका मिनिटात टीडीने तीन प्रश्न एकदम विचारले की समजा संपलं. मंत्री त्यातला सोपा उचलतो, त्यावर पन्नास सेकंद बोलतो आणि उरलेल्या दोनांपर्यंत पोचायच्या आत घड्याळ संपतं. मुरलेला विरोधक एकच विचारतो: आकडा किती, तारीख कोणती, पत्र मिळालं होतं का? हो किंवा नाही यांखेरीज उत्तर नसलेला प्रश्न असेल, तर टाळाटाळ गॅलरीतल्या परक्या माणसालाही दिसते. म्हणून माझा सल्ला, शेवटचं मिनिट चुकवू नका. 'पुढील काही आठवड्यांत', 'योग्य वेळी' हे शब्द तेव्हाच ऐकू येतात.

टाळण्याच्या सभ्य वाटाही ठरलेल्या आहेत. आरोग्याच्या प्रश्नावर मंत्री 'हा कामकाजाचा विषय आहे' म्हणून आरोग्यसेवा चालवणाऱ्या एचएसईकडे प्रश्न पाठवतो आणि ती टीडीला थेट कळवते. ज्या गोष्टीची जबाबदारी मंत्र्याकडे नाही, तो प्रश्न क्याउन कोर्लाचं कार्यालयच नाकारतं. उत्तर प्रश्नाला धरून नाही, अशी तक्रार टीडीला क्याउन कोर्लाकडे करता येते, पण तोवर बातमी शिळी झालेली असते.

या टाळाटाळीची किंमत आयर्लंडने एकदा रोख मोजली आहे. गोमांस उद्योगातल्या गैरप्रकारांवर १९९१ मध्ये चौकशी न्यायाधिकरण नेमलं गेलं, त्याचा अहवाल १९९४ मध्ये आला. न्यायाधिकरणाचे प्रमुख लिअम हॅमिल्टन यांनी सुनावणीतच बोलून दाखवलं होतं की डॉइलमधल्या प्रश्नांना या सुनावणीतल्यासारखी उत्तरं मिळाली असती, तर या चौकशीची गरजच पडली नसती आणि पुष्कळ पैसा व वेळ वाचला असता. मंत्री त्या प्रश्नांना गप्प राहिले नव्हते. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं, आणि त्यात खोट काढणं अवघड होतं. १९९७ मध्ये आयर्लंडने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्याच्या पार्श्वभूमीत हे प्रकरण होतं.

भाषेवर मात्र कडक पहारा. 'खोटारडा', 'भित्रा', 'ढोंगी' यांसारखे शब्द सभागृहात चालत नाहीत, आणि अशा शब्दांची यादीच आहे. डिसेंबर २००९ मध्ये टीडी पॉल गोगार्टी यांनी सरळ शिवी हासडली, लगेच माफीही मागितली. नंतर लक्षात आलं की ती शिवी यादीत नव्हतीच.

मराठी माणसाला या सभागृहात एक ओळखीचा धागा सापडतो. लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत टीशाख होते. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. वर सांगितलेली तीन मिनिटांची उत्तरं याच बाकांवरून वराडचं आडनाव देत होतं. २०२४ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

बाहेर पडताना दाराशी थोडं थांबा. या जागेला सगळे 'प्लिंथ' म्हणतात. आत एका मिनिटात न मावलेलं टीडी इथे कॅमेऱ्यांपुढे बोलतात. २०२४ मध्ये गाजलेला सायकलींचा आडोसाही याच आवारातला: ३६ सायकलींची सोय, खर्च सुमारे ३ लाख ३६ हजार युरो. मंत्र्यांना त्यावरही उत्तरं द्यावी लागली.

गॅलरीत निसटलेलं नंतर एरॅक्तसच्या, म्हणजे संसदेच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. ऐकलेल्या प्रश्नाचा क्रमांक टिपून ठेवा, शोधायला सोपं जातं. काही उत्तरांखाली एक वेगळं शीर्षक दिसेल: 'सभागृहात न दिलेली जादा माहिती'. दोन मिनिटं संपल्यामुळे मंत्र्याने जे वाचलं नाही, ते त्याखाली छापतात. आकडे बऱ्याचदा तिथेच असतात.