तुम्ही विचारलंत म्हणून: लंडनला पायी, तेही कालव्याकाठून?

"लंडनच्या पश्चिम कडेच्या हेजहून शहरातल्या पॅडिंग्टनला गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. मग दिवसभर कालव्याकाठून चालत जायचं कशाला?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते. लंडनला मुलांकडे राहून आलेली माझ्या वयाची मंडळी तर विचारता विचारता माझ्या गुडघ्यांकडेही बघतात.

तर आधी गुडघ्यांचं. हेज आणि साउथहॉलच्या मध्ये बुल्स ब्रिज नावाचा जुना पूल आहे. तिथून ग्रँड युनियन कालव्याचा एक फाटा फुटतो आणि साडेतेरा मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर, पॅडिंग्टनला संपतो. हा फाटा १८०१ साली खुला झाला. एवढ्या अंतरात त्यावर एकसुद्धा लॉक नाही, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटींना वर-खाली नेणारे दारांचे हौद कुठेच नाहीत. पाणी एकाच पातळीवर राहावं म्हणून खोदणाऱ्यांनी चढ आला की वळसा घेतला. त्यामुळे काठची वाटही तशीच सपाट. ती माणसांसाठी नव्हतीच मुळी, बोट ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. रस्त्यावर टन-दोन टन ओढताना घामाघूम होणारा घोडा पाण्यावर पंचवीस-तीस टनांची बोट सावकाश ओढत न्यायचा. त्याला मानवलेली चाल माझ्या गुडघ्यांनाही मानवते.

पण मी गेले त्याचं खरं कारण गुडघे नव्हेत. गाडीनं गेलं की शहर आपल्याला पुढच्या दारातून आत घेतं, झाडून-पुसून, पडदे बदलून. कालवा परसदारी आणतो. लंडनला सजायला तिथे सवडच मिळालेली नाही, आणि मला शहरं अशीच बघायला आवडतात.

सुरुवातीचा पट्टा सुंदर वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगते. गोदामांच्या पाठी, काटेरी तारा, भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यानं काढलेली अगम्य अक्षरं. पाण्यावर हिरव्या शेवाळ्याचा थर आणि त्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. भारतीय वस्तीच्या साउथहॉलच्या आसपास तर चक्क नारळ तरंगताना दिसले. ते कोणी वाहिले असतील हे तुम्हाला सांगायला नको. पाणी वाहतं नाही, त्यामुळे बिचारा नारळ जाणार तरी कुठे! पाणकोंबडी त्याला वळसा घालून निघून गेली.

याच कंटाळवाण्या पट्ट्यात मला सगळ्यात जास्त रस वाटला. हेज, साउथहॉल, नॉर्थोल्ट हा सगळा भाग एकोणिसाव्या शतकात वीटभट्ट्यांचा होता. इथली चिकणमाती विटांना उत्तम. लंडनमध्ये तेव्हा घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या, आणि त्या राखेचे ढीगच्या ढीग पॅडिंग्टनच्या धक्क्यावर साठायचे. ती राख चाळून बोटीत भरून इकडे आणायची, मातीत कालवायची. राखेत न जळलेला कोळशाचा चुरा उरलेला असे, त्यामुळे वीट आतूनही भाजून निघे. मग त्याच विटा बोटीत भरून परत लंडनला, नवी घरं बांधायला. त्या घरांत पुन्हा शेगड्या, पुन्हा राख! रस्त्यावरची घोड्यांची लीदसुद्धा बोटीनं बाहेर शेतांवर जाई, आणि घोड्यांसाठी गवत बोटीनंच आत येई. शहर काय खातं आणि काय टाकतं, ते सगळं या एवढ्याशा पाण्यावरून ये-जा करत होतं. पुढे ग्रीनफर्डला १९२१ साली लायन्स कंपनीनं चहाचा मोठा कारखाना काढला, तोही कालव्याला लागूनच. गोदीत उतरलेला चहा बोटीनं इथवर येत असे.

मग हॉर्सेंडन टेकडी येते. तिथे मात्र घटकाभर शहर आहे हेच विसरायला होतं. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, एखादा बगळा इतका निश्चल उभा की पुतळाच वाटावा. बसायला बाकं आहेत, बसून घ्या.

अल्पर्टन हे निम्म्याहून थोडं पुढे. तिथे वर चढून ईलिंग रोडवर गेलं की गुजराती दुकानं आणि शाकाहारी खाणं, पोट भरायला उत्तम. पाय बोलायला लागले असतील तर भुयारी रेल्वेचं स्टेशन कालव्याला खेटूनच आहे, निमूट घरी जा. कोणी हसणार नाही.

नाही गेलात तर थोड्याच वेळात एक गंमत वाट्याला येते. कालवाच पुलावरून जातो आणि खालून नॉर्थ सर्क्युलर हा धबधब्यासारखा गरजणारा रस्ता. आपण पाण्याकडेनं रमत-गमत चाललोय, बदकं पोहताहेत आणि पायाखाली ट्रक अडकून पडलेत. मी तिथे बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिले, थोड्या दुष्ट आनंदानं. पुढे हार्लस्डनपाशी वारा अनुकूल असेल तर भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास येतो. मॅकव्हिटीजचा कारखाना जवळच आहे.

त्यानंतर केन्सल ग्रीनची दफनभूमी येते. १८३३ साली सुरू झालेली, कालव्याच्या काठानं लांबलचक पसरलेली. शवपेटी बोटीनं आणता यावी म्हणून भिंतीत पाण्याकडचं एक दारसुद्धा ठेवलेलं होतं. इथे इझंबार्ड ब्रुनेल पुरलेला आहे, लंडन ते ब्रिस्टल रेल्वे बांधणारा. कालव्यांचा धंदा ज्या रेल्वेनं बसवला तिच्या या कर्त्याला जागा मिळाली ती कालव्याकाठी, आणि पलीकडच्या तीरावरून त्याचीच रेल्वे अजून धडधडत जाते. याच दफनभूमीत आपलाही एक माणूस आहे: द्वारकानाथ टागोर, रवींद्रनाथांचे आजोबा. १८४६ साली लंडनला असतानाच ते वारले. स्वतः कोळशाच्या खाणी आणि वाफेच्या बोटींच्या धंद्यात पैसा घातलेला हा गृहस्थ. मनात आलं, त्यांना ही जागा अगदीच परकी वाटली नसावी.

इथून पुढे काठाला बोटी वाढत जातात. नॅरोबोट म्हणतात त्या, जेमतेम सात फूट रुंद, आणि त्यात माणसं संसार करून राहतात. छपरावर सरपण, सायकल, कुंडीत कोथिंबीर. स्वतःचा कायमचा धक्का नसलेल्यांना साधारण १४ दिवसांच्या वर एका ठिकाणी राहता येत नाही, बोट हलवावी लागते. एक बाई छपरावरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, शेजारी आवडले नाहीत की दोन आठवड्यांत सुटका होते.

पॅडिंग्टनजवळ आपला फाटा रीजंट्स कालव्याला मिळतो तिथे लिटल व्हेनिस आहे. त्याबद्दल सगळे भरभरून बोलतात, म्हणून मी बोलत नाही. छान आहे, गर्दी आहे, कॉफी महाग आहे.

दम असेल तर तिथे न थांबता रीजंट्स कालव्यानं पुढे जावं. मेडा हिलच्या बोगद्यात घोड्यांची वाटच नव्हती, म्हणून आपल्यालाही वरच्या रस्त्यानं जाऊन पलीकडे उतरावं लागतं. नंतर रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड ब्रिज लागतो. १८७४ च्या ऑक्टोबरात त्याच्याखाली बंदुकीची दारू नेणाऱ्या बोटीचा स्फोट झाला, बोटीवरचे तिघे गेले, पूल कोसळला. पुन्हा बांधताना जुनेच ओतीव लोखंडाचे खांब वापरले, पण मागची बाजू पुढे करून. घोड्यांच्या दोरानं घासून लोखंडावर खाचा पडतात. या खांबांवर त्या दोन्ही अंगांना आहेत, स्फोटाआधीच्या एका बाजूला आणि नंतरच्या दुसऱ्या. खाचेत बोट घालून बघा, आरामात जातं.

आता पुढचा प्रश्न हमखास येतो: एकटीनं जायला भीती नाही वाटली? दिवसा नाही. अंधार पडल्यावर मी जाणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. भीती सायकलवाल्यांची. पुलाखाली वाट अरुंद होते आणि ते घंटी वाजवून सुसाट येतात, तेव्हा पाण्याच्या बाजूनं चालू नका. स्वच्छतागृहं फार कमी, तेव्हा अल्पर्टनला जेवायला बसाल तिथेच उरकून घ्या. आणि उलट, म्हणजे शहराकडून बाहेर, जाऊ नका. सगळी मजा पहिल्या तासात संपते आणि गोदामं उरतात.